डेटाबेसची आवृत्ती बदलताना नोंदींची जपणूक

चेन्नईच्या दक्षिणेस, कोवलमलगतच्या मुट्टुकाडू येथे केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेचे प्रयोग केंद्र आहे. अशा केंद्रांचे संशोधन असो वा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोळंबी संवर्धकांचे व्यवस्थापन, दोहोंचा पाया नोंदी हाच असतो. क्षारता, विद्राव्य ऑक्सिजन, खाद्य, जगण्याचे प्रमाण आणि रोगाची पहिली लक्षणे यांची अनेक हंगामांची माहिती एकत्र आली, तरच पुढील हंगामाचा सल्ला विश्वासार्ह ठरतो. खराब झालेला तलाव पुन्हा बांधता येतो. गेल्या हंगामातील पाण्याचे मोजमाप मात्र पुन्हा घेता येत नाही.

या नोंदी आता वहीतून डेटाबेसमध्ये आल्या आहेत. अनेक ठिकाणी डेटाबेस सर्व्हर 'कंटेनर' पद्धतीने चालवला जातो. प्रणाली एका बंदिस्त पेटीत असते आणि माहितीचा साठा पेटीबाहेर स्वतंत्र असतो. पेटी बदलण्यासाठी मांडणीच्या फाइलमधील आवृत्तीचा क्रमांक बदलणे पुरते. या सोयीमुळेच हे काम क्षुल्लक असल्याचा गैरसमज रूढ झाला आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. पोस्टग्रेसक्यूएल या प्रचलित डेटाबेसची मुख्य आवृत्ती साधारणतः दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो. आवृत्ती १३ चा आधार नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. आवृत्ती १८ सप्टेंबर २०२५ मध्ये आली. आधार संपल्यावर सुरक्षा दुरुस्त्या थांबतात, म्हणून बदल टाळता येत नाही. परंतु नवी मुख्य आवृत्ती जुन्या आवृत्तीचा साठा थेट वाचत नाही. सर्व्हर सुरू होण्यासच नकार देतो. हा नकार वस्तुतः संरक्षक आहे, कारण जुना साठा तोपर्यंत सुरक्षित असतो. हानी होते ती घाईमुळे. सर्व्हर चालू व्हावा म्हणून कोणी जुना साठाच पुसला, तर सर्व्हर सुरू होतो, पण रिकामा.

कोळंबीचे बीज पिशवीतून थेट तलावात ओतले जात नाही. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून, तलावाचे पाणी थोडे थोडे मिसळून बीज सरावल्यावरच सोडले जाते. नोंदींचे स्थलांतरही याच धीराने व्हावे. प्रथम नव्या नोंदी थांबवाव्यात. नव्या आवृत्तीच्या साधनाने संपूर्ण माहितीची प्रत काढावी, वापरकर्त्यांचे अधिकारही त्यासोबत घ्यावेत आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. नवा कंटेनर वेगळ्या, कोऱ्या साठ्यावर उभारून त्यात ती भरावी. आवृत्ती १८ पासून अधिकृत कंटेनरमधील साठ्याचा मार्ग बदलला आहे. तो जुन्या मांडणीतून तसाच उचलू नये. त्यानंतर प्रत्येक तक्त्यातील नोंदी मोजून जुन्यांशी ताडून पाहाव्यात. देवनागरी नावांचा शोधही घेऊन पाहावा. कंटेनरच्या मूळ प्रणालीबरोबर अक्षरांचा क्रम ठरवण्याचे नियम बदलू शकतात. अशा वेळी जुनी सूची तशीच वापरली, तर नाव साठ्यात असूनही शोधात सापडत नाही. प्रत नव्याने भरल्यास सूचीही नव्याने तयार होते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. सर्व पडताळणी झाल्यावरच ॲप नव्या सर्व्हरला जोडावे आणि जुना साठा काही काळ न हलवता ठेवावा.

हे काम संगणक विभागावर सोपवून विस्तार यंत्रणेने निश्चिंत राहणे योग्य नाही. नोंदी शेतकऱ्याच्या श्रमाच्या आहेत. त्यांच्या सुरक्षिततेविषयी विचारण्याचा त्याला अधिकार आहे. प्रत कोठे आहे, ती शेवटची कधी भरून पाहिली आणि बिघाड झाल्यास जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने विचारावेत. कधीही भरून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते.

बदलाची वेळही विस्तार यंत्रणेनेच सुचवावी. काढणी आटोपून तलाव सुकवले जात असताना नोंदींचा ओघ कमी असतो. ऐन हंगामात मात्र एका दिवसाचा खंडही महाग पडतो. दरवर्षी तलावाच्या बांधांच्या डागडुजीसाठी जशी तरतूद होते, तशीच प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी वेळ आणि मनुष्यबळ राखून ठेवले गेले पाहिजे.