जुनी वस्तू आणि विकणाऱ्याचा शब्द

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक नारळ कानाशी हलवून पाहते आणि मगच पैसे मोजते. आंतरजालावरून जुना मोबाइल घेणाऱ्याला ही सोय नाही. त्याला दिसते ते केवळ छायाचित्र. बाकी सारी भिस्त विकणाऱ्याच्या शब्दावर.

गेल्या वर्षी मी माझा जुना मोबाइल असाच विकला. ‘बॅटरी उत्तम’ असे लिहून मोकळा झालो. चौथ्या दिवशी डिचोलीच्या ग्राहकाची तक्रार आली : दुपारपर्यंतही चार्जिंग टिकत नाही. प्रथम रागच आला. जुन्या वस्तूकडून एवढी अपेक्षा कशाला? पण शाळेत मीच तो दिवसातून दोनदा चार्जिंगला लावीत असे, हे आठवले आणि शरम वाटली. ठाऊक असलेला दोष मुद्दाम दडवणे, यास १८७२ चा भारतीय करार कायदा फसवणूकच म्हणतो. मी मोबाइल परत घेतला, आयएमईआयचे १५ अंक जुळवून तो माझाच असल्याची खात्री केली आणि पूर्ण रक्कम परत दिली. नव्या मोबाइलचा बेत लांबणीवर पडला.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येक तक्रार खरी असतेच असे नाही. वस्तू स्वतः पाडून दोष दुसऱ्याच्या माथी मारणारेही भेटतात. म्हणूनच दोष आधी लिहावेत, ओरखडाही छायाचित्रात दाखवावा, परतीची मुदत आधीच ठरवावी. मात्र तक्रार आली की प्रथम ती ऐकावी. उत्तर नंतर द्यावे.

धारगळात आपल्याला सारे ओळखतात, म्हणून आपण जपून वागतो. जेथे कोणीच ओळखत नाही, तेथे आपला प्रामाणिकपणा खरा कसाला लागतो.