वासाला शब्द नाहीत म्हणे!

परवा एका साहित्यिक मेळाव्यात एका विद्वान गृहस्थांनी सांगितले की, चवीचे आणि वासाचे सूक्ष्म वर्णन करावे ते इंग्रजीनेच. मराठीची धाव ‘छान’ आणि ‘घाण’ यांच्यापुढे जात नाही. सभेने माना डोलावल्या. मी मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला मास्तर, वर कादंबऱ्या लिहिणारा. अशा जागी मागच्या खुर्चीवर गप्प बसण्याची मला सवय आहे. पण त्या दिवशीचे गप्प बसणे अजून जिभेवर कडवट लागते, म्हणून हा कागद काळा करतो.

इंग्रजीची ही श्रीमंती आहे तरी कशाची? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल या बाईंनी १९८४ साली वाइनच्या वासांचे एक चक्र प्रसिद्ध केले. हेतू चांगला होता. मोघम, स्तुतिपर विशेषणे हाकलून द्यायची आणि नाकाला जे कळते तेवढेच बोलायचे. पण त्या चक्रावर नजर फिरवून पाहा : ग्रेपफ्रूट, लवंग, काळी मिरी, ओला पुठ्ठा, ओला कुत्रा, रॉकेल. वाचकहो, ही वासांची नावे नव्हेत, ही वस्तूंची यादी झाली! ज्याने जन्मात ग्रेपफ्रूट हुंगलेले नाही त्याच्या पदरात काय पडले? आता आमच्या नाशकातही वाइन होते, आणि तिची तारीफ करणारे आमचे लोक अशा फळांची नावे घेतात, की ज्यांचे झाड त्यांनी चित्रातदेखील पाहिलेले नसावे.

चवीची तीच गत. इंग्रज कढत चहालाही ‘हॉट’ म्हणतो आणि ठेच्यालाही. आमची म्हातारी म्हणते, चहा कढत आहे आणि ठेचा तिखट आहे. गंमत अशी, की मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या मागून. ‘तिखट’ हा गुण आपण त्याआधीपासून ओळखून होतो. मग डब्यातल्या मिरचीच्या पुडीलाच आपण ‘तिखट’ म्हणू लागलो. तिकडे वस्तूवरून गुणाचे नाव पडते, मिरीवरून ‘पेपरी’. इकडे गुणावरून वस्तूचे नाव पडले.

इंग्रजीला वासाचे शब्द मुळीच नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. ते त्या विद्वानांसारखेच होईल. ‘मस्टी’ म्हणजे आपले कुबट, ‘रॅन्सिड’ म्हणजे खवट. चहाची पारख करणाऱ्या इंग्रजांनी तर ‘ब्रिस्क’, ‘बेकी’, ‘स्टूड’ अशी धंद्याची भाषाच घडवली. चहा जास्त भाजला गेला तर त्यात पैसा बुडत होता, म्हणून शब्द निघाला. जिथे नाक चुकले तर नुकसान होते, तिथे भाषा मुकी राहत नाही. कांटसारख्या तत्त्ववेत्त्याने १७९८ साली घ्राणेंद्रियाला सर्वांत कृतघ्न इंद्रिय ठरवले आणि पुढच्यांनी तो मनुष्याचा स्वभावच मानला. २०१४ साली असिफा मजीद आणि निक्लस बुरेनहुल्ट या संशोधकांनी मलाया द्वीपकल्पातल्या जहाई या रानात वावरणाऱ्या लोकांविषयी लिहिले. ते वासाचे नाव रंगाच्या नावाइतक्याच सहज सांगतात. पेट्रोल, धूर आणि वटवाघळाची विष्ठा यांत जो एकच झणझणीतपणा आहे, त्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे. त्याच प्रयोगात इंग्रजी बोलणारे दालचिनीपाशी चाचपडत होते. आता बोला!

पहिल्या पावसाच्या वासासाठी बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ग्रीक भाषेतून ‘पेट्रिकोर’ हा शब्द जुळवला. जुळवू देत. पण आमचे तरुण कवीही आता ‘पेट्रिकोर’ लिहितात, याला काय म्हणावे? विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा संग्रह त्याच्या दहा वर्षे आधी, १९५४ साली आला होता. आणि कनौजचे अत्तरवाले तर तो वास कुपीत भरून विकत आले आहेत.

खवट, कुबट, करपट, मातकट, ओशट, आंबूस, वशाट; सपक, अळणी, पांचट, मिळमिळीत; खमंग आणि खरपूस. मिरची तव्यावर पडली की खाट सुटतो, रातराणी दरवळते, बंद ट्रंकेतून भपका येतो. हे शब्द मी कोशातून काढलेले नाहीत, चुलीपाशी ऐकलेले आहेत. पण चुलीपाशी आता कोण बसते? आणि ‘वास’ या सरळ शब्दालाही आपण ‘वास येतोय’ म्हणून नाक मुरडायला लावलेच ना?

गेल्या वर्षी आमच्या वर्गात कोणीतरी वाढदिवसाचे शेंगदाण्याचे लाडू वाटले. निम्मा वर्ग खाऊन मोकळा झाला. कोणी म्हणाले, “सर, टेस्ट वेगळी आहे.” कोणी म्हणाले, “टेस्टी नाहीत.” कोणी नुसताच खांदा उडवला आणि दुसरा लाडू घेतला. आजीपाशी वाढलेली एक मुलगी तेवढी तोंडातला घास हातावर काढून म्हणाली, “गुरुजी, खवट आहेत.” मी चाखून पाहिला आणि डबा बंद केला. बाकीच्यांची जीभ काही वाईट नव्हती. तिला जे कळले ते त्यांनाही कळले होते. पण हातात शब्द नव्हता, म्हणून ते खात राहिले. आणि हे मी कोणाला सांगतो? आदल्या आठवड्यात डबा खाताना त्याच मुलांसमोर ‘टेस्टी’ म्हणणारा मीच होतो.

माझ्या नव्या कादंबरीत एका गावच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे. प्रकाशकांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात लिहिले : “वाचकाला कळणार नाही. ‘टेस्टलेस’ चालेल?” मी कळवले, की बेचव पाणी मनुष्य निमूट पितो, मचूळ पाण्याने त्याचे तोंड वाकडे होते, आणि माझी नायिका पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करून माहेरी निघून जाते. त्याला चार महिने झाले. हस्तलिखित अजून त्यांच्याकडेच आहे.