रक्त काढणाऱ्यांची परीक्षा

डॉक्टरांच्या निदानाला आज पावलोपावली प्रयोगशाळेच्या अहवालाचा आधार लागतो. परंतु ज्या नमुन्यावर तो अहवाल उभा असतो, तो नमुना घेणारा हात समाजाच्या नजरेत क्वचितच भरतो. दंडाला रबरी पट्टा बांधून, बोटाने शीर चाचपून, सुई टोचून दोन-तीन नळ्या भरणाऱ्या या कर्मचाऱ्याला पाश्चात्त्य देशांत ‘फ्लेबॉटॉमिस्ट’ असे भारदस्त नाव आहे. महाराष्ट्रातील घरांत तो ‘रक्त काढायला येणारा लॅबवाला’ एवढ्यावरच ओळखला जातो. अमेरिकेत या कामासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र-परीक्षा रूढ झाली असून, दुकानात, उपाहारगृहात किंवा वृद्धांच्या शुश्रूषेत दिवस घालवणारे अल्पवेतनी स्त्री-पुरुष रात्री जागून तिचा अभ्यास करतात. भारतातही आरोग्यसेवेतील अशा व्यवसायांचे नियमन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला आहे. तेव्हा ही परीक्षा कोणाचे रक्षण करते, तिचा भार कोण वाहतो आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे श्रमिकांच्या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या परीक्षेचा अभ्यासक्रम पोकळ नाही. वरवर यांत्रिक वाटणाऱ्या या कामामागे किती शास्त्र आहे, हे त्यातील एकेका प्रकरणावरून ध्यानात येते. दंडाचा पट्टा एक मिनिटाहून अधिक काळ आवळलेला राहिला, तर शिरेतील रक्त दाटते आणि तपासणीचे आकडे बदलतात. कोपराच्या खोबणीतील मधली शीर प्रथम शोधायची. आतल्या बाजूच्या शिरेजवळून धमनी व मज्जातंतू जातात, म्हणून तिच्याकडे शेवटी वळायचे. नळ्या भरण्याचाही क्रम ठरलेला आहे: आधी जंतुसंवर्धनाच्या बाटल्या, मग फिकट निळ्या टोपणाची नळी, त्यानंतर लाल, हिरवी, जांभळी आणि अखेरीस करडी. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे, पोटॅशियमयुक्त रसायन असते. त्याचा अंश दुसऱ्या नळीत शिरला, तर रुग्णाचे पोटॅशियम वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते आणि नसलेल्या रोगावर उपचार सुरू होण्याचा धोका उभा राहतो. रुग्णाची ओळख दोन स्वतंत्र खुणांनी पटवून त्याच्या समोरच नळीवर चिठ्ठी लावायची, हा नियम तर प्राणरक्षकच म्हटला पाहिजे. कारण रक्तगटाच्या नमुन्यावर भलत्याच माणसाचे नाव पडले, तर पुढे दिले जाणारे रक्तच त्याच्या जिवावर उठते.

म्हणून परीक्षाच नको, ही भूमिका जबाबदार चळवळीला घेता येणार नाही. नियमन नसले की काय होते, याचा धडा कॅलिफोर्नियाने घेतला आहे. १९९९ मध्ये त्या राज्यातील पालो आल्टो येथे, एका रक्तसंकलन केंद्रात एकदा वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्याचे उघडकीस आले आणि हजारो रुग्णांना तपासणी करून घेण्याचा सल्ला देण्याची पाळी आली. त्यानंतर तेथे परवाना सक्तीचा झाला. २००३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नवख्या उमेदवाराला ४० तासांचे वर्गशिक्षण, ४० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण, शिरेतून ५० वेळा व त्वचा टोचून १० वेळा रक्त घेतल्याचा दाखला आणि मान्यताप्राप्त परीक्षा एवढे सोपस्कार पार पाडावे लागतात. तथापि असे सक्तीचे नियमन करणारी राज्ये चारच: कॅलिफोर्निया, लुईझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन. उर्वरित देशात कायदा ही अट घालत नाही. ती मालक घालतो. प्रयोगशाळांसाठी १९८८ मध्ये संमत झालेल्या संघराज्याच्या कायद्यातही रक्त काढणाऱ्याच्या पात्रतेविषयी अट नाही.

राज्यसंस्थेने मोकळी ठेवलेली ही जागा खाजगी प्रमाणपत्र-संस्थांनी भरून काढली आहे. अशा संस्था एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीचे शुल्क व नियम निराळे. त्यांपैकी एका प्रमुख संस्थेच्या परीक्षेत दोन तासांत १२० प्रश्न सोडवावे लागतात. त्यांतील १०० प्रश्नांचेच गुण धरले जातात आणि उरलेले २० संस्था पुढील परीक्षांसाठी पारखून घेते. म्हणजे शुल्क भरणाऱ्या उमेदवाराकडूनच नव्या प्रश्नांची चाचणीही करून घेतली जाते. परीक्षेचे शुल्क शंभर डॉलरहून अधिक असते. संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर खिळले आहे. अनेक राज्यांनी स्वतःचे दर वाढवले हे खरे. परंतु जेथे वाढवले नाहीत, तेथील कामगाराला केवळ शंभर डॉलर जमवायचे तर जवळजवळ चौदा तास राबावे लागते. वर्गाचे शुल्क, पुस्तके, प्रवास आणि बुडालेली मजुरी हा खर्च वेगळाच. शिवाय एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायमचे नसते. दर दोन-तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि तेव्हा पुन्हा खिशात हात घालावा लागतो.

एवढे करून पदरात काय पडते? अमेरिकी श्रमखात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये या व्यवसायाचे मध्यक वार्षिक वेतन ४१,८१० डॉलर होते. त्याच वेळी सर्व व्यवसाय मिळून मध्यक वेतन ४८,०६० डॉलर होते. ज्याची एक चूक रुग्णाचा प्राण घेऊ शकते असे म्हणून ज्याला परीक्षेला बसवायचे, त्याचे मोल ठरवताना मात्र ते काम सामान्याहूनही हलके मानायचे, असा हा न्याय आहे. प्रशिक्षित माणूस मालकाला आयता मिळतो. त्याला घडवण्याचा खर्च त्याने स्वतःच केलेला असतो, आणि चुकीची जोखीम कमी झाल्याचा लाभ रुग्णाबरोबर रुग्णालयाच्या हिशेबवहीलाही होतो.

याहूनही गंभीर बाब प्रत्यक्ष शिक्षणाच्या काळाची आहे. जिवंत माणसाच्या शिरेवर हात बसवल्यावाचून ही विद्या येत नाही, हे निर्विवाद. पण हे तास बहुधा बिनपगारी असतात, आणि बिनपगारी विद्यार्थी हा कायद्याच्या भाषेत ‘कर्मचारी’ ठरत नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून आरोग्य-कर्मचाऱ्यांचे रक्षण करणारा संघराज्याचा नियम, ज्यानुसार हिपॅटायटिस-बीची लस मालकाने विनामूल्य देऊ केलीच पाहिजे, तो पगारी कर्मचाऱ्यांना लागू आहे. ज्याचा हात सर्वांत नवखा, ज्याच्या बोटात सुई शिरण्याचा संभव सर्वांत अधिक, तोच या छत्राबाहेर उभा! लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई लागली, तर हिपॅटायटिस-बीची लागण होण्याचे प्रमाण शेकडा ६ ते ३०, आणि एच.आय.व्ही.ची लागण सुमारे ३०० प्रसंगांत एकदा, असे वैद्यकशास्त्र सांगते. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या एका अंदाजानुसार तेथील रुग्णालयांत वर्षाकाठी सुमारे ३,८५,००० वेळा सुई वा धारदार वस्तू लागल्याच्या घटना घडत. हा धोका किरकोळ नाही.

परीक्षेच्या पुस्तकात या सुरक्षा-नियमांचे एक प्रकरण असतेच. उमेदवार ते पाठ करतो, त्यावरील प्रश्न सोडवतो आणि गुण मिळवतो. पण ते प्रकरण पुस्तकात कसे आले, हे त्याला कोणी सांगत नाही. नळ्यांचा क्रम प्रयोगशाळेतील संशोधनातून ठरला. सुईचे नियम मात्र कामगार संघटनांनी झगडून मिळवले आहेत. एड्सच्या भीतीने रुग्णालये हादरली असता, १९८६ मध्ये आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी श्रमखात्याकडे संरक्षणाची मागणी करणारे अर्ज दाखल केले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९१ मध्ये नियम झाला. लस आणि असे संरक्षक नियम यांच्या बळावर, १९८३ ते १९९५ या काळात तेथील आरोग्य-कर्मचाऱ्यांमधील हिपॅटायटिस-बीची लागण नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. टोचल्यानंतर आपोआप झाकल्या जाणाऱ्या सुया बाजारात येऊनही मालक त्या घेईनात, तेव्हा संघटनांनी पुन्हा लढा दिला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाने आणि २००० मध्ये संघराज्याने कायदा करून सुरक्षित साधनांचा विचार मालकांना बंधनकारक केला. त्या कायद्यातील एक कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे: साधनांची निवड करताना, व्यवस्थापनात नसलेल्या, प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मत घेतलेच पाहिजे. सुई कोणती असावी हे सुई धरणाऱ्याला विचारा, हे साधे तत्त्व कायद्यात यायला एवढा काळ लागला.

हा सारा इतिहास महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. रक्ततपासणीचा धंदा येथेही झपाट्याने वाढला आहे. पहाटे उपाशीपोटीचा नमुना घेण्यासाठी पाठीवर पिशवी टाकून मोटारसायकलवर घरोघर फिरणारे तरुण पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यांपैकी अनेकांना मासिक वेतनाऐवजी फेरीमागे पैसे मिळतात. पेट्रोल त्यांचे, अपघाताची जोखीम त्यांची, आणि वेळेत न पोहोचल्याबद्दलची बोलणीही त्यांनीच खायची. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत विकृतिशास्त्रज्ञाचीच सही हवी, असे ठरवले. अहवालाखालील सहीचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला. नमुना घेणाऱ्याच्या शिक्षणाचा, वेतनाचा आणि संरक्षणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांच्या शिक्षणाची अट घातली आहे. दुसरीकडे कौशल्यविकासाच्या योजनांतून रक्त काढण्याचे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते. या दोन मापांत मोठे अंतर आहे. अल्पमुदतीचा दाखला घेऊन वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला उद्या अपात्र ठरवून रस्त्यावर काढायचे, की त्याच्या अनुभवाचे मोल धरून वेतनासह उर्वरित शिक्षण द्यायचे, याचे उत्तर आताच मागितले पाहिजे. लसीच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी संस्थाचालकावर टाकलेली आहे. वापरलेली सुई पिशवीतून वाहून नेणारा तरुण हा कचरा हाताळतो की नाही? हाताळत असेल, तर त्याला लस कोणी दिली, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे.

यावर मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे. शिक्षणाचा लाभ शिकणाऱ्याला होतो, तेव्हा खर्चही त्यानेच करावा, असे ते म्हणतात. छोट्या प्रयोगशाळांना हा भार पेलणार नाही, असेही सांगतात. पहिल्या युक्तिवादात अर्धे सत्य आहे. शिकणाऱ्याला लाभ होतो. पण रुग्णाला, मालकाला आणि समाजाला त्याहून मोठा लाभ होतो, आणि तो त्यांना विनामूल्य मिळतो. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. एकाच मालकाचा कायम नोकर नसलेल्या हमालाला संरक्षण कसे द्यायचे, हा पेच या राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवला. मजुरीवर मालकाकडून अधिभार घ्यायचा, तो मालक, कामगार व शासन यांच्या त्रिपक्षीय मंडळाकडे जमा करायचा आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय करायची, ही ती व्यवस्था. ओझ्याच्या पाटीवर जे साधले, ते रक्ताच्या नळीवर का साधू नये? प्रत्येक तपासणीमागे अल्प अधिभार घेतला, तर छोटी प्रयोगशाळा बुडणार नाही आणि प्रशिक्षण, लस, विमा व परीक्षेचे शुल्क यांची तरतूद होईल.

परीक्षा कडक असावी. रुग्णाच्या हिताशी तडजोड नको. पण ती सार्वजनिक संस्थेने घ्यावी, तिचे शुल्क उमेदवाराच्या माथी नसावे, प्रत्यक्ष शिक्षणाचे तास वेतनासह असावेत आणि पहिली सुई हाती देण्यापूर्वी लस टोचलेली असावी. या मागण्या घेऊन प्रयोगशाळांतील व घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांची संघटना बांधणे हे महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्यांपुढील निकडीचे काम आहे. रात्री जागून सुरक्षेचे प्रकरण पाठ करणाऱ्या मुलीला ते प्रकरण कोणी मिळवून दिले हेही सांगितले पाहिजे, म्हणजे पुढचे प्रकरण कोणी लिहायचे आहे हे तिला उमगेल.