गोपनीय पुस्तिका आणि खुला एम्युलेटर #थ्रेड

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या पन्नास वर्षांनी कुणाला अभ्यासायच्या झाल्या, तर? यंत्रे गंजतात, सुटे भाग मिळेनासे होतात. मग उरतो एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राप्रमाणे तंतोतंत वागणारी नवी आज्ञावली. परमचे सुदैव असे की, त्यातील ट्रान्सप्युटर चिपची आज्ञासूची इन्मॉस कंपनीने पुस्तकरूपाने छापली होती. अनेक चिपांच्या पुस्तिका मात्र गोपनीयतेच्या करारावर सही केल्यावाचून मिळत नाहीत.

समजा, अशी पुस्तिका हाती आली. तिच्या आधारे एम्युलेटर लिहून तो सर्वांसाठी खुला करावा काय?

मित्रहो, आपणा इतिहासवाल्यांचे उत्तर ठरलेले असते: बंद कागद उघडलाच पाहिजे. दाखला पेशवे दफ्तराचा. मुंबई सरकारने ते दीर्घकाळ मोजक्यांनाच पाहू दिले. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले आणि मराठ्यांच्या इतिहासलेखनाला नवा पाया मिळाला.

तरीही या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सरदेसाईंनी ते कागद सरकारच्या संमतीने छापले, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. शिवाय दफ्तरातले पत्र हेच मूळ साधन असते. ते नसेल तर हाती काहीच नाही. इथे मूळ साधन यंत्र आहे. त्याला आज्ञा द्यावी, उत्तर टिपावे, पुन्हा द्यावी. काम कंटाळवाणे खरे, पण मोडीची घसरट अक्षरे लावणारे आपण कंटाळ्याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

१९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमच्या संगणकाशी जुळणारे बायॉस घडवले. आयबीएमची मूळ संहिता गुप्तही नव्हती, छापील पुस्तिकेत होती. तरी ती वाचलेल्यांना नवे बायॉस लिहू दिले नाही. एका गटाने ती संहिता वाचून ती काय करते एवढेच नोंदवले, ती न पाहिलेल्या दुसऱ्याने केवळ त्या नोंदींवरून लेखन केले. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने कायदेशीर प्रतीच्या निरीक्षणाला आणि चाचणीला वाव दिला आहे. करार मोडून लिहिलेल्या एका प्रकरणामुळे मात्र इतरांनी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे केलेले कामही संशयात सापडते, आणि मग जतन व्हायचे तेच काढून टाकावे लागते.

आग्रह धरायचाच तर कंपन्यांकडे धरावा: ज्या चिपांचे उत्पादन थांबले, त्यांच्या पुस्तिका ठरावीक मुदतीनंतर खुल्या करा. सरकारी दफ्तरांनाही आपण हेच सांगत आलो आहोत.