मुलाच्या खेळाची वही कोण वाचतं?

नगरच्या मुकुंदनगरात, झेंडीगेटला, भिंगारला किंवा श्रीरामपूर-संगमनेरच्या कुठल्याही मोहल्ल्यात सुट्टीच्या दिवशी चार मुलं ओट्यावर बसलेली दिसतात. माना खाली, हातात मोबाईल आणि तोंडाने एकमेकांना सूचना: "डावीकडे बघ", "मला उठव", "मागे ये". घराघरांत या खेळांबद्दल बोलणं होतं ते वेळेबद्दल, डोळ्यांबद्दल, दहावीच्या अभ्यासाबद्दल. या महिन्यात आम्ही वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. ही मुलं खेळत असताना त्यांच्या प्रत्येक डावाची नोंद होत असते. ती नोंद कुठे राहते, ती कोण वाचतं आणि तिचा उपयोग कोण कशासाठी करतं, हे फार थोड्या आई-वडिलांना ठाऊक असतं.

आधी ही नोंद म्हणजे काय ते समजून घेऊ. 'बीजीएमआय'सारख्या खेळात प्रत्येक खेळाडूचं एक पान असतं. त्यावर त्याची श्रेणी, किती डाव जिंकले, समोरच्याचं सरासरी किती नुकसान केलं, किती जणांना बाद केलं आणि स्वतः किती वेळा बाद झाला याचं गुणोत्तर, असं सगळं मांडलेलं असतं. मुलं या गुणोत्तराला 'के-डी' म्हणतात. शाळेत एकमेकांना ती पहिल्यांदा विचारतात, "तुझा के-डी किती?" संगणकावरच्या मूळ पब्जीत तर याहून बारीक हिशेब असतो. खेळाडू नकाशावर कुठून कुठे गेला, कोणत्या क्षणी कोणाची गोळी लागली, कोणत्या हत्याराने लागली, हे सारं नोंदलं जातं. डाव संपल्यावर १४ दिवसांपर्यंत ही माहिती बाहेरच्या संकेतस्थळांनाही मिळू शकते, कारण कंपनीनेच तशी सोय केलेली आहे.

नोंद ठेवणं वाईट आहे, असं आमचं म्हणणं नाही. नोंद नसेल तर लबाडी पकडता येत नाही. भिंतीपलीकडचं दिसणारी किंवा नेम आपोआप लावणारी सॉफ्टवेअर वापरून फसवणारे खेळाडू असतात, ते या नोंदींवरूनच सापडतात. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीचा सामना आपल्याच नगरात, वाडिया पार्कवर झाला. तिथे पंचांच्या निर्णयावरून केवढा वाद पेटला आणि लोकांनी कुस्तीचा तो व्हिडिओ किती वेळा मागे-पुढे करून पाहिला, ते वाचकांना आठवत असेल. शंका आली की नोंद लागते. शिवाय मन लावून खेळणाऱ्या मुलाला आपण कुठे कमी पडतो, हेही तिच्यावरून कळतं.

पण किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. दुकानदाराला ती ठेवावीच लागते. आपल्या नावापुढे काय लिहिलं आहे, ते आपल्यालाही दाखवलं पाहिजे. मात्र दुकानदाराने तीच वही दारावर टांगली आणि येणारा-जाणारा ती चाळू लागला, तर काय होईल? उधारी तेवढीच राहील, पण माणसाची मान खाली जाईल. खेळाच्या नोंदीचं नेमकं असंच होतं.

पहिला त्रास मुलांमधल्या मुलांत होतो. चौघांचा संघ जमवताना आधी पान उघडून आकडे पाहिले जातात आणि ज्याचा आकडा कमी त्याला बाहेर ठेवलं जातं. डाव हरला की त्याच्या आकड्याचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटेल. तेरा वर्षांच्या मुलाला ते क्षुल्लक वाटत नाही. वर्गात गणिताचे गुण मोठ्याने वाचून दाखवले की काय वाटतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. इथे तर रोज निकाल लागतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. आकड्यांबरोबर वेळही नोंदली जाते. खेळाडू आत्ता खेळतो आहे की नाही, शेवटचा डाव कधी झाला, नेहमी कोणाबरोबर खेळतो, हे पाहणाऱ्याला दिसू शकतं. रात्री साडेबाराला रोज एकटी खेळणारी मुलगी कोण आहे, हे एखाद्या अनोळखी माणसाला आठवडाभरात कळतं. तिने खेळात तेच टोपणनाव घेतलं असेल जे इन्स्टाग्रामवर आहे, तर पुढचं काम सोपं होतं. आधी "छान खेळतेस", मग मोफत पोशाखाचं आमिष, मग नंबर. माहिती कुणी चोरली नाही, ती उघडीच होती.

मोठ्यांच्या खेळांत या प्रश्नावर जगभर बरीच वर्षं वाद चालू आहे आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ मध्ये आला. त्यात लढाईतल्या प्रत्येक घावाची नोंद फाईलमध्ये उतरवता येते आणि ती फाईल बाहेरच्या संकेतस्थळावर चढवली की संघातल्या सगळ्यांची कामगिरी जगाला दिसते. फाईल एकाने चढवलेली असते, आकडे मात्र वीस जणांचे उघडे पडतात. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या 'फायनल फँटसी १४' या खेळात अशी मोजणी करणारी बाहेरची साधनं वापरायलाच मनाई आहे. तरी ती वापरणारे आहेतच. २०२५ च्या सुरुवातीला तिथे एक साधन निघालं, ज्यातून एका माणसाची वेगवेगळ्या नावांची पात्रं जोडून दाखवता येत होती. एखाद्याचा छळ टाळण्यासाठी नाव बदललेला माणूसही त्यामुळे पुन्हा सापडू शकत होता. कंपनीला त्यावर कायदेशीर पावलं उचलण्याचा इशारा द्यावा लागला.

काही कंपन्यांनी मात्र वहीवर झाकण बसवलं. 'डोटा २' मध्ये आपल्या डावांची माहिती बाहेरच्या संकेतस्थळांना द्यायची की नाही, हे खेळाडू सेटिंगमध्ये ठरवतो. 'व्हॅलोरंट'मध्ये खेळाडूने स्वतः परवानगी दिल्याशिवाय बाहेरच्या संकेतस्थळांनी त्याचं पान दाखवू नये, असा नियम आहे. 'लीग ऑफ लिजेंड्स'मध्ये तर २०२२ पासून श्रेणीच्या सामन्यात पात्र निवडण्याच्या वेळी साथीदारांची नावंच झाकली जातात. खेळ सुरू होण्याआधी एकमेकांचा इतिहास उकरून कुणाला हिणवू नये, हाच त्यामागचा हेतू. म्हणजे लबाडी पकडण्यापुरती नोंद कंपनीकडे ठेवायची आणि लोकांपासून ती झाकायची, हे जमतं. जमत नाही असं कुणी म्हटलं, तर ही उदाहरणं समोर आहेत.

आपल्याकडे हा विषय वेगळ्या वाटेने आला. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात याचिका दाखल करून पब्जीवर बंदी मागितली. हिंसा आणि ऑनलाइन छळ, हे त्यातले मुद्दे होते. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवानांना ८९ ॲप मोबाईलवरून काढायला सांगितली, त्यात पब्जी होतं. माहिती बाहेर जाऊ नये, हे कारण होतं. नगरला हे वेगळं समजावून सांगायला नको. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे, के. के. रेंजवरच्या सरावाचे आवाज आपल्या ओळखीचे. सराव झाल्यावर लष्करही चुकांचा हिशेब मांडतं, पण तो आपल्या लोकांमध्ये. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल गेलं. वापरणाऱ्यांची माहिती परवानगीशिवाय देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवली जात असल्याच्या तक्रारी आल्याचं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. जुलै २०२१ मध्ये भारतासाठी वेगळं 'बीजीएमआय' आलं, जुलै २०२२ मध्ये तेही ॲप स्टोअरवरून गेलं आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परत आलं.

परत येतानाही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. ती मर्यादा आणि पालकांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवून संमती घेण्याची पद्धत सुरुवातीपासूनच होती. आता आपल्या घरात काय होतं ते पाहा. मोबाईल अब्बूंचा किंवा भाईजानचा असतो. वय विचारलं की मुलगा २००० साल टाकतो. ओटीपी आला की स्वयंपाकघरातून अम्मीला विचारतो, "अम्मी, आलेला नंबर सांग ना", आणि ती पोळी लाटता लाटता सांगते. त्या क्षणी कंपनीच्या वहीत आपला बारा वर्षांचा मुलगा पंचवीस वर्षांचा होतो. त्याला तीन तासांची मर्यादा लागत नाही आणि मुलांसाठीचं कुठलंही संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि ते संरक्षण आता कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं, त्यांच्या वागण्याचा माग काढणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं, याला मनाई आहे. मुलांबाबतची ही जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. खेळाच्या आकड्यांना ही मनाई कुठवर लागू पडते, हे पुढे मंडळापुढे आणि न्यायालयांपुढे ठरेल. पण वयच खोटं असेल, तर मुलाच्या बाजूने बोलायला पहिलीच अडचण येते.

इथे आपल्या दीनची शिकवण फार उपयोगी पडते. सूरह हुजुरातमध्ये संशय, टोह आणि पाठीमागे निंदा या तिन्ही गोष्टींना एकाच ठिकाणी मनाई केली आहे. दुसऱ्याचे कमी आकडे शोधून काढणं आणि ते गटावर टाकणं, यात या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ येतात. मुलांना हे त्यांच्याच खेळाच्या भाषेत सांगितलं, तर चटकन पटतं. मात्र ही शिकवण आपल्यालाही लागू आहे. मुलगा झोपल्यावर त्याचा मोबाईल काढून कोणाबरोबर किती वाजता खेळला ते गुपचूप पाहणं, हीसुद्धा टोहच. लहान मुलाच्या मोबाईलवर पालकांचं लक्ष असलंच पाहिजे, यात शंका नाही. ते लक्ष त्याला ठाऊक असलेलं, त्याच्यासमोरचं असावं. चोरून पाहिलेलं एकदा उघडकीला आलं की मूल दुसरं खातं काढतं, आणि मग खरी अडचण आली तरी सांगायला येत नाही.

या महिन्यात घरात करता येतील अशा काही गोष्टी:

१. मुलाशेजारी बसा आणि त्यालाच त्याचं पान दाखवायला सांगा. "हे काय?" असं दटावून विचारू नका, "हे कसं वाचतात?" असं विचारा.

२. सेटिंगमध्ये प्रायव्हसीचा भाग शोधा. डावांचा इतिहास, ऑनलाइन असल्याची खूण आणि आपला डाव पाहण्याची परवानगी यांपैकी जे बंद करता येईल ते अनोळखी लोकांसाठी बंद करा. अपडेट आलं की पुन्हा तपासा.

३. टोपणनावात खरं नाव, शाळा, गाव, जन्मसाल नको. इन्स्टाग्रामवरचं नाव इथे नको. फेसबुक किंवा गुगल खात्याने लॉगिन केलं असेल, तर कोणती माहिती जोडली गेली आहे ते पाहा.

४. वय खरं टाका. ओटीपी सांगण्याआधी तो कशाचा आहे, हे वाचल्याशिवाय सांगायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांना सारखा.

५. कुणाचा आकडा गटावर आला, तर आपल्या मुलाने तो पुढे पाठवायचा नाही. आपल्या मुलाचा आला, तर आधी त्याचं ऐकून घ्या. "खेळूच नकोस" हे पहिलं वाक्य नसावं.

६. अनोळखी माणूस नंबर, फोटो किंवा पैसे मागत असेल, तर संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा.

शाळांकडेही आमची एक विनंती आहे. पालक सभेत मोबाईलचा विषय निघतो, तेव्हा बंदी आणि तक्रार यांतच अर्धा तास जातो. त्यातली दहा मिनिटं या सेटिंगना द्यावीत. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको. नववीतली दोन मुलं फळ्यावर काढून दाखवतील आणि आई-वडिलांपेक्षा त्यांना ते जास्त येत असेल.

मुलगा हरला, त्याचा आकडा खाली गेला, तर तो खेळाचा भाग आहे. तो आकडा कोणी पाहावा, हे ठरवायला मात्र त्याला शिकवलं पाहिजे. आज खेळातल्या गुणांबद्दल जो मुलगा हा प्रश्न विचारायला शिकेल, तोच उद्या दवाखान्याच्या कागदांबद्दल, बँकेच्या खात्याबद्दल आणि नोकरीच्या अर्जाबद्दल विचारील. तुमच्या घरात याविषयी काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा. मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रं आली तर अधिक आनंद होईल. नावं अर्थातच छापणार नाही.