न विचारलेल्या प्रश्नांचा हिशेब

सिनेमातला सरकारी वकील ‘ऑब्जेक्शन!’ म्हणत ताडकन उठतो. खऱ्या कोर्टात एखादा खटला बुडवायचा असेल, तर सरकारी वकिलाला उठायचीही गरज नसते. साक्षीदार फितूर झाला की त्याची उलटतपासणी दोन प्रश्नांत आटपायची. जखमी माणसाला साक्षीला बोलवायचंच नाही. जामिनाला विरोध करायचा, पण मुद्दा मांडायचा नाही. निकाल विरोधात गेला की अपिलाची मुदत निघून जाऊ द्यायची. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, ‘साक्ष झाली, पुढील तारीख’ एवढंच उरतं. न विचारलेला प्रश्न कुठेच लिहिला जात नाही.

मी वकील नाही. निकालपत्रं वाचायची मला सवय आहे, तेवढीच माझी पात्रता. ती वाचून माझं एक मत पक्कं झालंय. राजकीय रंग असलेल्या खटल्यांत आपण पोलिसांना शिव्या देतो, न्यायाधीशांवर मीम बनवतो आणि या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला मोकळा सोडतो. त्याच्यावर आरोप झाला तर तो खरा की खोटा हे तपासणारी, सरकारच्या हाताबाहेरची जागा आपण बनवलेलीच नाही. ती बनवायला हवी.

उदाहरण बडोद्याचं घेऊ. 1 मार्च 2002 ला तिथली बेस्ट बेकरी जमावाने पेटवली आणि 14 माणसं मेली. जून 2003 मध्ये तिथल्या कोर्टाने सर्वच्या सर्व 21 आरोपींना सोडलं, कारण एकामागून एक साक्षीदार फिरले होते. पुढच्या वर्षी, 12 एप्रिल 2004 ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगितला. त्या निकालपत्रात सरकारी वकिलावर जे लिहिलंय ते मुळातून वाचा. कोर्टासमोर सत्य आणणं हे ज्याचं काम, तो बचाव पक्षाच्या वकिलासारखा वागला, असा त्याचा आशय आहे. नवा सरकारी वकील नेमताना पीडितांनी सुचवलेल्या नावाचाही विचार व्हावा, असंही न्यायालयाने सांगितलं. मुंबईत नव्याने खटला चालला आणि 2006 मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. त्यातल्या पाच जणांना पुढे मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं, चौघांची शिक्षा कायम राहिली. घटना तीच होती, पण खटला चालवणारी माणसं आणि जागा बदलल्यावर निकाल बदलला.

याच प्रकरणात वारंवार जबाब फिरवणाऱ्या मुख्य साक्षीदार तरुणीला सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद सुनावली. साक्षीदार खोटं बोलला तर शिक्षेचं कलम आहे. सरकारी वकिलाने प्रश्न विचारलाच नाही, तर त्यासाठी सरळ कलम नाही.

हे गुजरातचं झालं म्हणून हुश्श करू नका. परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडला गेला आणि जानेवारी 2003 मध्ये पोलीस कोठडीतून ‘पळाला’. कोठडीतच त्याचा मृत्यू झाला, असं नंतरच्या तपासात पुढे आलं. सीआयडीने 14 पोलिसांवर ठपका ठेवला, राज्य सरकारने खटल्याची परवानगी दिली फक्त चौघांवर. सत्ता काँग्रेस-राष्ट्रवादीची होती. पुढे खटला सुरू झाला. एका साक्षीत आणखी पोलिसांची नावं आली, म्हणून विशेष सरकारी वकिलाने त्या चार जणांनाही आरोपी करा, असा अर्ज दिला. 2018 मध्ये सरकारने त्या वकिलालाच खटल्यावरून दूर केलं. तेव्हा सत्ता भाजप-शिवसेनेची होती. 2020 मध्ये खटल्यातल्या निलंबित पोलिसांना पुन्हा कामावर घेतलं गेलं, तेव्हा महाविकास आघाडी होती. तीन वेगवेगळी सरकारं. त्यामुळे ‘आमचे आले की सगळं नीट होईल’ हे मला कुणी सांगू नये.

मालेगावचं उदाहरण आणखी अवघड आहे. 29 सप्टेंबर 2008 च्या स्फोटात सहा जण मेले. त्या खटल्यात विशेष सरकारी वकील असलेल्या रोहिणी सालियन यांनी जून 2015 मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं की, केंद्रात सरकार बदलल्यानंतर एनआयएच्या एका अधिकाऱ्याने आपल्याला नरमाईने घ्यायला सुचवलं. एनआयएने आरोप फेटाळला. 31 जुलै 2025 ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. आता तुमचा राजकीय कल कुठेही असो, एक सांगा. सालियन खरं बोलत असतील तर ते केवढं भयंकर आहे, आणि बोलत नसतील तर तेही केवढं गंभीर आहे! मग हे ठरवायची कायमची यंत्रणा कोणती? अशी यंत्रणा नाही, म्हणून मग ज्याने-त्याने आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लावून टाकला.

सरकारी वकील नेहमी ढिलाच पडतो असंही नाही. गरजेपेक्षा जास्त जोर लावणं हाही दोषच. काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही त्याने समोर ठेवायचा असतो. मार्च 2015 मध्ये उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या एका परिषदेत सांगितलं की, कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती. कसाबबद्दल लोकांत तयार होणारी सहानुभूतीची लाट थोपवायची होती, हे त्यांचं कारण. कसाब दोषी होताच, त्याबद्दल वाद नाही. पण चालू खटल्यात सरकारचा वकील पत्रकारांना बनावट गोष्ट सांगतो आणि नंतर ते स्वतःच जाहीर करतो, तरी त्याचं काही बिघडत नाही. उलट 2024 मध्ये निकम भाजपचे उमेदवार म्हणून लोकसभा लढले, हरले, लगेच पुन्हा विशेष सरकारी वकील झाले आणि जुलै 2025 मध्ये राज्यसभेवर नेमले गेले. निवडणूक लढवणं हा त्यांचा हक्क आहे. मला खुपतं ते वेगळंच. पक्षाचं तिकीट आणि सरकारचं वकीलपत्र यांच्यामध्ये काही काळ तरी अंतर असावं, असा साधा नियमही आपल्याकडे नाही.

याचं मूळ नेमणुकीत आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टातला एपीपी स्पर्धा परीक्षा देऊन येतो. सत्र न्यायालयातला सरकारी वकील मात्र बहुधा खासगी वकिलांतून, ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत म्हटलं होतं की जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करावी. महाराष्ट्राने 1981 मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती केली, सत्र न्यायाधीशांना काढलं आणि तिथे ‘राज्य सरकारची मंजुरी’ घातली. हा बदल पक्षाच्या कार्यकर्त्याला पावला आणि न्यायाधीशाला बाहेर ठेवून गेला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या मूळ कलम 18 मध्ये सत्र न्यायाधीश परत आले आहेत. त्यांना पुन्हा बाहेर काढलं जाणार नाही, यावर लक्ष ठेवायला हवं. त्याच संहितेत अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारी वकिलांचं कार्यालय, गृह विभागाच्या ताब्यात आहे. पोलीसही गृह विभागाच्याच ताब्यात. एकाच घरातल्या थोरल्याने धाकट्यावर लक्ष ठेवायचं, अशी ही व्यवस्था.

मग वकील थेट लोकांनीच निवडावेत का? अमेरिकेत तसं होतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम काउंटीचा सरकारी वकील माइक निफाँग 2006 मध्ये निवडणुकीत उभा होता. ऐन तेव्हा ड्यूक विद्यापीठाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. वंश आणि वर्ग या दोन्हींवरून शहर तापलेलं होतं. खेळाडूंना निर्दोष ठरवू शकतील असे डीएनए अहवालातले निष्कर्ष निफाँगने बचाव पक्षापासून लपवले. म्हणजे मतांच्या राजकारणानेही वकील बिघडतोच. पण पुढचं ऐका. जून 2007 मध्ये तिथल्या वकील संघटनेच्या शिस्त समितीने जाहीर सुनावणी घेऊन त्याची सनद काढली आणि कोर्टाशी खोटं बोलल्याबद्दल त्याला एक दिवस तुरुंगात बसावं लागलं. शिक्षा एका दिवसाचीच, पण सुनावणी सगळ्यांसमोर झाली. आपल्याकडेही 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 खाली बार कौन्सिलला सनद निलंबित किंवा रद्द करता येते. वाट आहे, पण सरकारी वकिलाने न केलेल्या कामाची नोंदच नसेल तर तक्रारदार पुरावा कुठून आणणार?

ही नोंद व्हावी असा आदेशसुद्धा आहे. 7 जानेवारी 2014 ला ‘गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं: आरोपी निर्दोष सुटला की कारण शोधा, पोलीस आणि अभियोग विभागातल्या वरिष्ठांची कायमची समिती नेमा, चूक कुणाची ते ठरवा, दोषीवर कारवाई करा. मुदत सहा महिन्यांची होती. तुमच्या जिल्ह्यातल्या या समितीचा अहवाल तुम्ही कधी वाचलाय?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, विशेष सरकारी वकील नेमताना आणि काढताना सरकारने लेखी कारण द्यावं आणि ते संकेतस्थळावर टाकावं. दोन, लोकप्रतिनिधी, पोलीस किंवा दंगल यांच्याशी संबंधित खटल्यात साक्षीदार वगळला, अपील केलं नाही किंवा खटला मागे घेतला, तर सरकारी वकिलाने स्वतःच्या सहीने कारण लिहावं. खटला मागे घेताना पीडिताचं ऐकावं असं नव्या संहितेचं कलम 360 सांगतंच. आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, हा ऑगस्ट 2021 चा आदेशही आहे. तीन, सरकारी वकिलावरच्या तक्रारी निवृत्त न्यायाधीश असलेल्या, गृह विभागाबाहेरच्या समितीकडे जाव्यात. चार, पक्षाचा उमेदवार राहिलेल्या व्यक्तीला काही वर्षं सरकारी वकीलपत्र देऊ नये.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. अशाने वकील घाबरतील, प्रत्येक हरलेल्या खटल्यामागे चौकशी लागेल, त्यांचं स्वातंत्र्य जाईल. कोर्टात ढीगभर फायली घेऊन एकटाच धावणारा एपीपी मीही पाहिलाय, त्याच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म लादायची मला हौस नाही. पण हरल्याबद्दल जाब विचारा असं मी म्हणतच नाही, न केलेल्याचं कारण लिहा एवढंच म्हणतोय. शिवाय त्याला आज स्वातंत्र्य आहे ते कुणापासून? मंत्रालयातून आलेल्या फोनपासून तर नाही. लेखी कारणाची सक्ती प्रामाणिक वकिलाच्याच कामी येईल. ‘साहेब, हे मला सहीनिशी लिहावं लागेल’ असं तो फोनवर म्हणू शकेल. ख्वाजा युनूस खटल्यातल्या वकिलाला काढताना सरकारलाही तसंच सहीनिशी कारण लिहावं लागलं असतं, तर हात जरा थबकला असता.

तोवर तुम्ही-मी काय करायचं? फोन हातात आहेच. महाराष्ट्र सरकारच्या ऑनलाइन माहिती अधिकार पोर्टलवर अर्जाची फी दहा रुपये आहे. आपल्या जिल्ह्यापुरतं विचारा: सध्याच्या सरकारी वकिलांच्या नेमणुकीच्या यादीवर सत्र न्यायाधीशांचं मत घेतलं होतं का? गेल्या तीन वर्षांत किती खटले मागे घेतले आणि कोणत्या आदेशाने? निर्दोष सुटकेची कारणं शोधणाऱ्या समितीच्या किती बैठका झाल्या, त्यांचं इतिवृत्त द्या. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा आणि अपील करा. निदान त्या नसलेल्या माहितीवर कुणाची तरी सही असेल.