पुरानंतरचे पाणी: टीसीएलचा चमचा आणि टक्क्यांचा हिशेब

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा पूर आला. पाणी ओसरले की टाक्यांमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली जाते आणि चर्चा होते ती किती पोती आली याची. तुमच्या पोटाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: त्या पावडरीत क्लोरीन किती टक्के उरला आहे?

चांगल्या, ताज्या पावडरीत वजनाने सुमारे ३३ टक्के क्लोरीन मिळतो. १००० लिटर पाण्यात अशी ५ ग्रॅम पावडर टाकली, तर १.६५ ग्रॅम क्लोरीन पडतो, म्हणजे लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम. पण पोते उघडे राहिले, ओल लागली की क्लोरीन उडून जातो. तो १५ टक्क्यांवर आला असेल, तर तेवढ्याच पावडरीतून लिटरमागे जेमतेम ०.७५ मिलिग्रॅम मिळतो. त्यातलाही बराच भाग पुराच्या पाण्यातला गाळ खाऊन टाकतो. साथीच्या काळात अर्ध्या तासानंतरही ०.५ मिलिग्रॅम शिल्लक हवा. चमचा तोच, पण पाणी सुरक्षित नाही. पावडर टाकली एवढ्यावर म्हणूनच समाधान मानू नका. शेवटच्या नळाला ओटी टेस्ट झाली का, हे ग्रामपंचायतीत विचारा. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. शंका असेल तर पाणी खळखळून उकळा. घरात तान्हे मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल, तर उकळाच.

जुलाब लागलेच तर हाच हिशेब ओआरएसला लागू होतो, आणि इथली चूक मला जास्त घाबरवते. मोठ्या पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. टक्केवारी काढताना पावडरीचे वजन पाणी आणि पावडर यांच्या एकूण वजनाने भागायचे: २०.५ भागिले १०२०.५, गुणिले १००, म्हणजे साधारण २ टक्के. तेच पाकीट २०० मिलीच्या पेल्यात ओतले, तर द्रावण ९ टक्क्यांच्या वर जाते. त्याने लहान मुलाचे जुलाब वाढू शकतात आणि रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. पाकीट छोटे असेल, तर त्यावर छापलेले पाण्याचे माप पाहा. अर्धे पाकीट अंदाजाने वापरू नका. तयार केलेले ओआरएस २४ तासांत संपवा, उरलेले ओतून द्या.